उरलेली मेंदी

"औषधाचं मले कोनी शिकवू नये!"

वडनेर भोलजीच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर उकंडराव हे वाक्य बोलले, की गावातले जाणते लोक एकमेकांकडे पाहून नीट सरकून बसत. कारण पुढच्या आठ दिवसांच्या करमणुकीची सोय झालेली असे. मागच्याच हिवाळ्यात मास्तरांनी पडशावर ओढायची एक पूड स्वतःच्या हातानं कुटली होती. पडसं एकट्या मास्तरांना झालं होतं. पण पुडी त्यांनी वर्गात उघडली, आणि पहिलीपासून चौथीपर्यंतची साठ पोरं अशी शिंकली की पाढे एकोणतिसावर अडकले आणि शाळा दुपारीच सोडून द्यावी लागली!

माणूस तसा साधा. वय पंचावन्न. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी कोकिळा, दोघंच. अंगात काटकसर इतकी, की खडूचा तुकडा नखात धरता येईनासा झाला तरी ते तो फेकत नसत. त्याची पूड करून दाताला लावत.

त्या वर्षी चैत्रातच ऊन असं तापलं, की गावातली कुत्री बारा वाजता सावली शोधत थेट देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत पोचली. शाळा सकाळची झाली. आणि मास्तरांच्या तळपायांची आग सुरू झाली. पाय कसले, दोन पेटत्या चुलीच! घरी ते गार फरशीवर बगळ्यासारखे एका पायावर उभे राहायचे. तो पाय तापला की दुसरा. शाळेत टेबलाखाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवायचे, त्यात पाय बुडवून शिकवायचे. फळ्याकडे जाताना फरशीवर ओल्या पावलांची रांग उमटायची. पोरांना वाटायचं, गुरुजींच्या घरी काहीतरी व्रत आहे.

नेमका हाच काळ नाजूक होता. कोकिळेची सोयरीक जुळत आली होती.

ती जुळणं सोपं नव्हतं. कोकिळा मराठी सातवी पास. त्या दिवसांत एवढी शिकलेली मुलगी म्हटल्यावर चार ठिकाणचे पाहुणे पोहे खाऊन, पाणी पिऊन, "कळवतो" म्हणून जे गेले ते गेलेच. पाचव्या वेळी खामगावहून पंजाबराव आले. कापसाच्या जिनात हेड कारकून, तेही विधुर. मुलगा अनंत कचेरीत नुकताच चिकटलेला. त्यानं मुलीला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. विचारलं, "पुस्तकं कोनती वाचली?" कोकिळेनं सात नावं सांगितली. त्यातली तीन अनंतानं वाचली नव्हती, आणि हे ऐकून तो चक्क खूश झाला! त्या दिवसापासून कोकिळा भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती.

पंजाबरावांच्या घरात मात्र शब्द चाले त्यांच्या मोठ्या बहिणीचा, रुख्मिणीआत्याचा. भावाची बायको गेल्यावर त्यांनीच घर सांभाळलं, अनंताला वाढवलं. त्यांनी निघताना ओट्यावर उभं राहून एकच अट घातली होती.

"मास्तर, आमाले हुंडा नको, भांडे नको. फक्त येक सांगा. तुमी दुसरं लगन तं नाही करनार? घरात नवी बाई आली का पोरीचं माहेर सपलं. अन् माहेर नसलेली पोरगी सासरी चूल फुकतानाई रडते. मी हे सोता भोगलं हाये."

"मी? या वयात?" मास्तर हसले होते. "आत्याबाई, माझा शब्द घ्या!"

शब्द दिला. साखरपुडा पंधरा दिवसांनी ठरला. आणि त्या साखरपुड्यात आपण चुलीवर उभं राहिल्यासारखे नाचू नये म्हणून मास्तर एका शनिवारी नांदुऱ्याला हकीमसाहेबांकडे गेले.

हकीम बुऱ्हानुद्दीन म्हणजे पांढरी दाढी, थंड बोटं आणि सावकाश जीभ. त्यांनी मास्तरांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, तळपाय दाबून पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या शाळेच्या कुंपणाले काय लावलं हाये?"

"मेंदी."

"बस! खुदा ने आपके दरवाजे पे दवाखाना लगा दिया, और आप मेरे पास आए!" हकीमसाहेब खुशीत आले. "हिना! छोटंसं झाड, पन गुन बघा. हिची तासीर ठंडी. पाल्याच्या काढ्यानं गुळण्या केल्या तं तोंडातले फोड बसतात. फुलं उशीत भरली तं डोकं शांत होते, नींद येते. अन् पाला वाटून तळव्याले लावला तं आग खेचून घेते. मूठभर पाला, पानी, चार थेंब सिरका. दो घंटे. सिर्फ तलवे. और सुनो, मास्तर…"

पण मास्तर ऐकायला होतेच कुठे! त्यांनी जोडा पायात घातलासुद्धा होता. "समजलं, हकीमसाहेब, समजलं! औषधाचं मले येकदा सांगतलं का पुरे!"

हकीमसाहेबांचं बोट हवेत तसंच राहिलं.

रविवारी सकाळी मास्तर टोपली घेऊन कुंपणावर तुटून पडले. हकीमानं सांगितला मूठभर पाला. मास्तरांनी आणला टोपलीभर. मुठीनं थोडी आग जात असेल, तर टोपलीनं सगळीच जाईल, असा त्यांचा हिशोब. कोकिळेनं तो पाट्यावर वाटता वाटता कपाळाचा घाम कोपरानं पुसला.

"बाबा, इतक्या मेंदीत चार नवऱ्या सजतीन!"

"तू वाट. गुण प्रमाणात असतो."

जेवण झाल्यावर बाजेवर बसून मास्तरांनी दोन्ही तळव्यांवर मेंदी थापली. गार वाटलं. अहाहा! बाभळीच्या सावलीत पाय सोडून बसल्यासारखं वाटलं! पण वाडग्यात अर्ध्याहून जास्त मेंदी उरली.

"टाकून देऊ?" कोकिळेनं विचारलं.

"टाकून?" मास्तरांच्या आवाजात शाळाखात्याचा सगळा दरारा उतरला. "सरकारी कुंपणाचा पाला आहे तो! टाकतेस कशी?"

आणि उरलेली मेंदी त्यांनी दोन्ही तळहातांना, बोटांना, पार नखांपर्यंत लावून टाकली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे शेतातल्या बाया भेगांसाठी टाचांना मेंदी लावतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. म्हाताऱ्या माणसानं नुसत्या तळपायाला लावली तरी कुणी वळून पाहत नाही. पण पुरुषाचे हात आणि पाय, दोन्ही एकाच वेळी लाल, हे फक्त एकाच प्रसंगी होतं. हळदीच्या आदल्या दिवशी बहिणी बसून नवरदेवाला मेंदी लावतात तेव्हा! त्यामुळे असे हातपाय दिसले की आमच्याकडे "काय झालं?" असं कुणी विचारत नाही. "तीथ कोणती?" एवढंच विचारतात.

मास्तर विधुर झाल्यापासून मेंदीच्या बाबतीत अडाणी राहिले होते. कोकिळेच्या हे लक्षात आलं असतं. पण ती शेजारच्या सत्यभामाबाईंकडे पापड लाटायला निघून गेली. मास्तर हातपाय वर करून, उलटं पडलेल्या कासवासारखे बाजेवर पडले. दोन तासांचे किती झाले कोण जाणे! जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि वाळलेली मेंदी अंथरुणावर पसरली होती. मास्तरांनी पाय फरशीला टेकवले. आग नाही! पुन्हा टेकवले. खरंच नाही!

"गेली!" ते एकटेच ओरडले. "हकीमसाहेब, गेली!"

मग त्यांनी हात पाहिले. पिकल्या डाळिंबाचे दाणे फोडून चोळावेत असे दोन्ही हात लाल झाले होते. "ठीक आहे," ते मनाशी म्हणाले, "सकाळी आंघोळीत जाईल."

एवढ्यात सत्यभामाबाई पापडाच्या लाट्यांची ताटली घेऊन दारात आल्या. मास्तरांनी आनंदानं दोन्ही हात पुढे केले. सत्यभामाबाईंनी आधी हात पाहिले, मग पाय पाहिले, मग ताटली मास्तरांच्या हातात न देता उंबऱ्यावरच ठेवली.

"मायबाई! मास्तर! अन् शेजाऱ्याले सांगतलं बी नाही?"

"त्यात सांगायचं काय? तळपायाचं होतं—"

पण सत्यभामाबाई अर्ध्या गल्लीत पोचल्या होत्या. पदर मागं पडला होता, चप्पल राहिली होती, बातमी मात्र पुढं निघाली होती.

सकाळी आंघोळीत रंग गेला नाही. उलट रात्रभरात तो डाळिंबावरून विटेवर आणि विटेवरून वांग्याच्या आसपास गेला. मेंदीचा हा गुण मास्तरांना ठाऊक नव्हता: ती पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी गडद होते. मास्तरांनी लिंबू घेतलं आणि हात घासले. मग चिंच, मग राख, मग कोमट तिळाचं तेल. हात आणखी चकचकीत लाल!

कोकिळेनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "बाबा, लिंबू काऊन लावलं? आमी पोरी रंग चढाव म्हनून लिंबू लावतो. अन् तेल लावलं का तो पक्का होते!"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमीच तं म्हनता, औषधाचं मले कोनी शिकवू नये." आणि मग हसू न आवरून ती म्हणाली, "येखाद्या नवरीचे हात असे रंगले असते नं, तं बाया म्हनल्या असत्या, हिच्यावर सासूची लय माया!"

सासू म्हटल्यावर मास्तरांनी तेलाची वाटी खाली ठेवली. त्यांच्या सासूबाई, साखरखेर्ड्याच्या गीताबाई, अजून ठणठणीत होत्या. तीस वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात "जावई मास्तर हाये? मंग माही पोरगी खाईन काय, खडू?" असं त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्या जावयाशी सरळ बोलल्याच नव्हत्या. जे सांगायचं ते बायकोमार्फत, आणि ती गेल्यावर नातीमार्फत.

सोमवारी शाळेत मास्तरांनी फळ्यावर खडू टेकवला आणि साठ पोरं एकदम चिडीचूप झाली. इतकी शांतता त्या शाळेत डिप्टीसाहेब तपासणीला आले तेव्हाही नव्हती. शेवटी तिसरीतली एक चिमुरडी उभी राहिली.

"गुर्जी, नवरी कोनत्या गावची?"

मास्तरांनी डोळे मिटले, उघडले. ते रागावले नाहीत. पोरांवर ते कधीच रागवत नसत. नागपूरहून वस्तुपाठ, म्हणजे वस्तू समोर ठेवून धडा, शिकवण्याचा हुकूम आलेलाच होता. त्यांनी कुंपणाची एक फांदी तोडून आणली आणि पाठ घेतला. पानं समोरासमोर येतात. फूल लहान, वास गोड. उपयोग: रंग आणि औषध. "आणि गुरुजींनी ती औषध म्हणून लावली आहे. समजलं?"

"हो जी, गुर्जी!" पोरं एका आवाजात म्हणाली.

घरी जाऊन पोरांनी शब्दन्‌शब्द सांगितला. "गुर्जी म्हनले, औषध हाये."

आयाबापांनी एकमेकांकडे पाहिलं. "हाव, हाव," बाप म्हणाले. "या वयात तेच औषध!"

दुपारी मोतीराम न्हावी वस्तरा परजत आला. "मास्तर, नवरदेवाची हजामत मायाशिवाय कोनाकडून केली तं मी गाव सोडीन! अन् पागोटं गुलाबी पाह्यजे, आत्ताच सांगून ठेवतो."

"मोतीराम, लग्न नाही!"

"हाव जी, समजलं. कोनाले सांगत नाही." आणि डोळा मिचकावून तो सांगायला निघून गेला.

मंगळवारी वाजंत्री आले. त्यांनी दारातच एक चीज वाजवून दाखवली, पसंत पडावी म्हणून. सनई ऐकून गल्लीतल्या बाया अक्षता घेऊन बाहेर आल्या! मास्तरांनी दोन्ही हात जोडून त्यांना जायला सांगितलं, तर लाल हात पाहून वाजंत्र्यांनी आणखी एक चीज वाजवली. बुधवारी शेजारच्या खेड्यातून एक गृहस्थ आले. "बाई ठरली नसन तं आमच्या घरी येक मावसबहीन हाये. तोंडानं थोडी फटकळ, पन तुमी मास्तर हा, तुमाले सवय असन." मास्तरांनी त्यांना पाणी दिलं, समजावलं, आणि ते गेल्यावर दाराला आतून कडी लावून बसले.

इथपर्यंत कोकिळेला हसू येत होतं. शुक्रवारी खामगावचं पोस्टकार्ड आलं, आणि ते थांबलं.

"रा. रा. उकंडराव मास्तर यांस. साखरपुड्याआधी एक विषय समक्ष बोलावा लागेल. तुमच्या गावच्या बाजाराचे दिवशी मी व आमची बहीण येत आहोत. चि. अनंत यास आणणार नाही. कळावे. पंजाबराव."

कोकिळेनं कार्ड दोनदा वाचलं. "आणणार नाही" या शब्दांवर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. मग तिनं ते नीट कोनाड्यात ठेवलं आणि चुलीपुढे जाऊन बसली. चूल पेटलेली नव्हती.

मास्तर तिच्या मागं जाऊन उभे राहिले. आपले लाल हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना. "कोके, मी त्यांना सांगीन. माझा शब्द आहे."

"शब्द कोनी नाही पाहून राह्यलं, बाबा. हात पाहून राह्यले." तिनं नाक पुसलं. मग मान वर केली. "हकीमसाहेब बाजाराले येतात नं आपल्या गावात? त्याईले साक्षीले बोलवा."

"माझ्या शब्दाला साक्ष?"

कोकिळेनं खुंटीवरचं उपरणं त्यांच्यापुढे धरलं. मास्तर उपरणं घेऊन निरोप द्यायला निघाले.

बाजाराच्या दिवशी दहा वाजता पाहुण्यांची दमणी दाराशी थांबली. जलंबला गाडी बदलून नांदुरा आणि तिथून बैलांची दमणी, असा प्रवास करून दोघं आली होती. आधी रुख्मिणीआत्या उतरल्या. मग पंजाबराव, आणि ते असे जपून उतरले की जणू खाली अंडी पसरली आहेत. चैत्रातलं ऊन मी म्हणत होतं, आणि त्यांच्या पायांत पंपशू! त्याच्या आत काळे लोकरी मोजे!

मास्तर ओट्यावर उभे होते. त्यांनी दोन्ही हात उपरण्यात कोपरापर्यंत गुंडाळले होते. त्यातूनच त्यांनी "या, या" म्हटलं. उपरणं हललं, हात दिसले नाहीत.

"मास्तर," आत्या म्हणाल्या, "व्याह्याले रामराम बी उपरन्यातूनच करता काय?"

कोकिळेनं घाईघाईनं पाण्याची बादली आणि तांब्या पुढं ठेवला. पाहुण्यानं पाय धुतल्याशिवाय आमच्याकडे घरात पाऊल पडत नाही, आणि ज्याला नातं ठेवायचं नसतं तोच पाय धुवायचं टाळतो. आत्यांनी पाय धुतले. पंजाबराव तसेच उभे.

"पाय धुवा नं जी," मास्तर म्हणाले.

"माये धुतलेले हायेत."

"कुठं?"

"खामगावले."

वीस मैलांची धूळ पंपशूवर दिसत होती. मास्तरांनी मनात हिशोब केला. पाय धुवायलाही तयार नाहीत, म्हणजे सोयरीक मोडूनच आले हे! पंजाबराव मात्र घरात न येता ओट्याच्या कडेवर टेकले आणि पंपशू घातलेले पाय त्यांनी मागं ओढून घेतले.

"आता हात काढा," आत्या म्हणाल्या.

मास्तरांनी उपरणं सोडलं. आठ दिवस झाले होते तरी रंग जळत्या निखाऱ्यासारखा होता. आत्यांनी तळवे पालथेसुलथे करून पाहिले, मग खाली वाकून पाय पाहिले. गल्लीच्या तोंडाशी सत्यभामाबाई, मोतीराम आणि निम्मा बाजार उभा होता.

"म्हनजे आयकलं थे खरं."

"नाही, आत्याबाई! औषध आहे हे! तळपायांची आग होत होती, हकीमांनी मेंदी सांगितली—"

"तळपायाची आग. बरं. मंग हाताले काऊन लावली?"

खरं उत्तर एकच होतं, आणि ते उच्चारताना मास्तरांना स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं.

"उरली होती."

"काय?"

"मेंदी. वाया जाईल म्हणून… लावली."

गर्दीतून कुणीतरी फिसकन हसलं. आत्यांनी कमरेवर हात ठेवले. "साठ वर्सात मी लय बहाने आयकले, मास्तर. हा नवा हाये!"

"होऊ शकते, आक्का," पंजाबराव आढ्याकडे पाहत पुटपुटले.

"काय होऊ शकते?"

"काही नाही."

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत, छत्री मिटत हकीमसाहेब आले. मास्तर बुडत्या माणसासारखे त्यांच्याकडे धावले. "हकीमसाहेब! सांगा यांना! मेंदी तुम्हीच सांगितली की नाही?"

"बिलकुल! तळव्याले."

"आणि हाताला?"

"हाताले?" हकीमसाहेबांनी मास्तरांचे हात पाहिले आणि कपाळाला हात लावला. "या खुदा! हाथ को किसने बोला? मैं कहने ही वाला था, मास्तर, हाथ बचाना, रंग महिनाभर जानार नाही! पर आप तो जूते पहन के चल दिए!"

संपलं! साक्षीदारानंच फाशी दिली. मास्तर ओट्यावर मटकन बसले. दाराआड बांगड्यांचा आवाज झाला आणि मग तोही थांबला.

हकीमसाहेब मात्र आपल्या कामात होते. त्यांची नजर कडेला बसलेल्या पाहुण्यावर गेली आणि चेहरा खुलला. "अरे, पंजाबराव साहब! आप यहाँ?"

पंजाबरावांनी डोळा बारीक केला. मग दुसरा डोळा. मग दोन्ही डोळ्यांनी मिळून त्यांनी काहीतरी खुणावलं.

"आँख में भी तकलीफ है क्या?" हकीमसाहेब आपुलकीनं जवळ गेले. "तलवों की जलन गई के नहीं?"

आत्या हळूहळू भावाकडे वळल्या.

"पंजाब. जोडे काढ."

"आक्का, लोक पाहून राह्यले—"

"काढ!"

पंपशू निघाले. लोकरी मोजे निघाले. आणि पंजाबरावांचे दोन्ही तळपाय, बहरलेल्या पळसासारखे लालभडक, वडनेरच्या बाजारासमोर प्रकट झाले!

"तू तं सांगतलं होतं, टाचेले भेगा पडल्या म्हनून मोजे घालतो!"

"तुले नुसते तळपाय दिसले असते तरी तू म्हनली असती, पंजाब लगन करून राह्यला!" जिनातल्या साठ हमालांना दमात ठेवणारा माणूस पोरासारखा तक्रार करत होता. "पंधरा दिवस झाले, या लोकरीत पाय शिजून राह्यले माये! आग गेली होती, ते मोज्यानं परत आली!"

आत्यांनी भावाचा हात ओढून उलटा केला. तळहात स्वच्छ. "मंग तुया हाताले काऊन नाही?"

"मी मूठभरच वाटली होती," पंजाबराव म्हणाले. "उरलीच नाही."

आधी हसले ते हकीमसाहेब. मग मोतीराम. मग आत्यांनी पदर तोंडाला लावला, आणि त्यांचे खांदे असे गदगदायला लागले की त्यांना खांबाला धरावं लागलं. हसता हसता डोळे पुसून त्यांनी दाराकडे हाक मारली.

"कोकिळे, बाहेर ये, माय! तुह्या बापानं मले शब्द देला होता, तो मी मानला नव्हता. आता मानला. जो मानूस उरलेली मूठभर मेंदी फेकू शकत नाही, तो दुसऱ्या लगनाचा खर्च काय करन!"

मास्तरांना हे स्तुती म्हणून घ्यावं की कसं, ते कळलं नाही. पण त्यांनी ते घेतलं. तांब्या उचलला. आणि लाल हातांनी लाल पायांवर पाणी ओतलं. पंजाबरावांनी पाय धुतले, घरात पाऊल ठेवलं, आणि गार फरशीवर बगळ्यासारखे एका पायावर उभे राहिले. मास्तरांनी मायेनं दुसरी गार फरशी दाखवली.

ज्येष्ठात लग्न लागलं. पण तोपर्यंत बातमी पसरली होती की शाळेच्या मेंदीनं तळपायांची आग जाते. आणि कुणीतरी जोडून दिलं होतं की मुलीचं लग्नही जमतं! मग काय! आजूबाजूच्या पाच गावांतल्या मुलींच्या बापांनी कुंपण असं ओरबाडलं, की नुसत्या काड्या उरल्या. बकऱ्या आत शिरून शाळेतली भेंडी खाऊन गेल्या. डिप्टीसाहेबांनी शेरा लिहिला: "शाळेस कुंपण नाही." नवरीसाठी जो थोडा जून पाला मिळाला, त्याचा रंग काही चढला नाही. कोकिळेचे हात कच्च्या आंब्याच्या फोडीसारखे पिवळसर राहिले.

कन्यादानाच्या वेळी मास्तरांनी मुलीचा हात अनंताच्या हातात दिला, तेव्हा त्यांच्या तळहातांचा रंग उतरला होता. पण दहाही नखं अजून भर दुपारी दिव्यासारखी पेटलेली होती. आत्यांनी नवरीचे फिके हात पाहिले, बापाची नखं पाहिली, आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरीची मेंदी नाही रंगली, हरकत नाही. माया मी दाखवीन. पन मास्तर, तुमच्यावर तुमच्या सासूची लय माया दिसते!"

पहिल्या रांगेत साखरखेर्ड्याच्या गीताबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला, जावयाची नखं एकेक करून पाहिली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या जावयाशी सरळ, समोरासमोर बोलल्या.

"मंग मेंदीच खोटी हाये!"